दादा, दुसरी प्रत कुठे आहे?

दादा, काल तुझा चाळिसावा झाला. सकाळी फातिहा, दुपारी जेवण. निम्मं पवनानगर येऊन गेलं. मी आत बायकांना भात वाढत होते आणि ओट्यावरून पुरुषांचं बोलणं ऐकू येत होतं. शेजारचे तुकाराम आबा म्हणाले, "रशीद म्हंजी देवमानूस व्हता. त्याच्यासारका न्हाई आता कुनी." सगळ्यांनी माना डोलावल्या असणार. मी हातातला डाव पातेल्यात आपटला. नसीम वहिनीने माझ्याकडे पाहिलं. या देवमाणसाने माझ्या लेकीची कबर हरवली, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तू असताना मी तुझ्या तोंडावर बोलत होते. आता पाठीमागे गोड बोलले, तर तुलाच शंका येईल की ही शबाना नव्हेच. म्हणून तुलाच लिहिते आहे. नाही तरी माझे मेसेज तू वेळेवर कधी वाचलेस?

सना गेली तेव्हा मी माहेरी आले होते. दीड वर्षाची होती. तीन दिवसांचा ताप, बाहेर मावळातला आषाढ, लोणावळ्याकडचा रस्ता पाण्याखाली. तिचा बाप, मुनीर, कसाबसा पोचला तेव्हा तिला न्हाऊ घालून झालं होतं. तिला इथल्याच कबरस्तानात ठेवलं. आपल्याकडे कबर कच्ची, मातीची. उशाशी एक दगड, पायथ्याशी एक दगड, नाव नाही, गाव नाही. दोन पावसाळे गेले की मातीचा उंचवटा बसतो आणि कोण कुठे आहे हे सांगायला जाणता माणूस लागतो. त्यात आपल्या गावात बायका कबरस्तानात जात नाहीत. मी एकदा गेटपर्यंत गेले होते. कबरी खणणाऱ्या हमीद चाचांनी लांबून बोट दाखवलं. "ती बग, जांभळाच्या अलीकडं." मला सगळे दगड सारखेच दिसले. तू बरोबर होतास, तू ते पाहिलंस.

पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर तू मोबाईलवर फोटो पाठवलास. दोन दगड, मधे ओली माती, आणि खाली लिहिलेलं, "ही आपली सना." त्यानंतरच्या शुक्रवारी पुन्हा. मग तुझ्या डोक्यात आलं की गावात अशा बायका आणखीही आहेत. आई इथे पुरलेली आणि लेक मुंबईला दिलेली, किंवा बाप इथे आणि पोरं आखातात. झेरॉक्स आणि मोबाईल दुरुस्तीचं तुझं टीचभर दुकान, कॉम्प्युटर तू आपला आपण शिकलेला. तिथे बसून तू कबरस्तानाची वेबसाईट उभी केलीस. नकाशावर चौकोन. चौकोनावर बोट ठेवलं की नाव, साल, कुणाचा कोण आणि कबरीचा ताजा फोटो. गेटपासून किती पावलं, भिंतीपासून किती पावलं, सगळं तू स्वतः चालून मोजलंस.

हे उपकार मी नाकारत नाही. नवलाख उंबऱ्याच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी दर शुक्रवारी कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचे आणि फोन उघडायचे. बरोबरच्या बायकांना वाटायचं मी नवऱ्याशी बोलते. मी सनाकडे जाऊन येत होते. कधी तिच्याजवळ गवत वाढलेलं असायचं, कधी जांभळं पडलेली. एकदा तू खास फोन केलास, "शबू, बग बग, तुज्या लेकीपाशी तेरडा फुललाय." मी डबा तसाच झाकून ठेवला आणि पोटभर रडले. बरं वाटलं होतं रे. दहा वर्षं मला तू ते दिलंस.

आणि दहा वर्षांत त्यातला एकही फोटो मी माझ्या फोनात जपून ठेवला नाही. रोज समोर असलेली वस्तू कोण उचलून ठेवतं? जुना फोन पाण्यात पडला तेव्हा तुझे सुरुवातीचे मेसेज त्याच्याबरोबर गेले. मला वाईटही वाटलं नाही, कारण साईटवर होतं सगळं.

आता वहीचं बोलते. तिच्यावरून आपण भांडलो होतो आणि ते भांडण अर्धंच राहिलं.

मशिदीत आजोबांच्या आधीपासूनची एक वही होती. कुणाला कधी आणि कुठे दफन केलं त्याची. प्रत्येक पानाच्या माथ्यावर बिस्मिल्ला. ओल लागलेली, कसरीने खाल्लेली. तू दोन आठवडे खपून एकेक पान स्कॅन केलंस आणि साईटवर चढवलंस. इथपर्यंत ठीक. पुढे काय केलंस? जमातीच्या चार लोकांना विचारलंस आणि वही पवनेत थंड करून आलास. अल्लाचं नाव असलेला कागद रद्दीत टाकायचा नसतो, पायदळी येऊ द्यायचा नसतो, वाहत्या पाण्यात सोडायचा. हे मला शिकवायला नको. पण मी विचारलं होतं, "दादा, वही काय जागा अडवत होती? फडक्यात बांधून वर ठेवायची होती."

"अगं, पान हातात घेतलं का पीट व्हतंय. उद्या फरशीवर सांडलं तर गुना कुनाला? आता वर हाय ना समदं."

"वर म्हणजे कुठे?"

"वर म्हंजी वर. साईटवर."

अदब तुझी बरोबर होती, आणि अदबीपुढे वाद घालता येत नाही. एवढी बरोबर गोष्ट करून एवढं नुकसान करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मी कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करते. नटबोल्टांच्या नोंदी. त्या नटबोल्टांसाठी रोज संध्याकाळी दोन प्रती घेतो आम्ही. एक कपाटात, दुसरी पलीकडच्या इमारतीत, म्हणजे आग लागली तर दोन्ही एकदम जळू नयेत. महिन्यातून एकदा प्रत उघडूनही बघतो, आत खरंच काही आहे ना म्हणून. हे मी तुला किती वेळा सांगितलं! ईदला सांगितलं, तुझ्या पोरीच्या साखरपुड्यात सांगितलं, दवाखान्यात तू शुगर तपासायला बसला होतास तेव्हाही सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

"बॅकप हाय की," तू म्हणायचास. "दर शुक्रवारी आपोआप व्हतो."

"होऊन कुठे बसतो?"

"तितंच. साईटच्या जागेतच एक कप्पा हाय."

"अरे, घराची दुसरी किल्ली कुणी घरातच ठेवून कुलूप लावतं का?"

"तुमची कंपनी म्हंजी कारकाना. हितं कुनाला कबरी चोरायच्यात?" आणि तुझं ते हसू. दुकानातली गिऱ्हाइकंही तुझ्याबरोबर हसली.

एकदा मात्र चिडलास. बिलाच्या मागे साईटचा पासवर्ड लिहून माझ्यापुढे ढकललास. "तुला येवडा भरवसा न्हाई, तर तूच घे उतरवून. हा घे." मी तो कागद पर्समध्ये घातला. अर्ध्या तासाचं काम होतं. मी ते केलं नाही. का ते सांगू? कारण मी ते केलं असतं तर तू जिंकला असतास. तू म्हणाला असतास, बघ, झालं ना, उगाच ओरडत होतीस. मला तुझ्याच हाताने ते करवून घ्यायचं होतं. भावाबहिणींत हे असंच चालतं, आपल्यात जरा जास्तच चाललं.

यंदाच्या उन्हाळ्यात भराव टाकायचं ठरलं. कबरस्तानाचा जांभळाकडचा भाग खोलगट, पावसात पाणी साचायचं, कबरी खचायच्या. तुकाराम आबांनी मुरूम दिला, ट्रॅक्टरही दिला. भराव टाकायचा तर आधी दगड उचलायला हवेत. हमीद चाचा तयार नव्हते. "दगुड हालला का मानूस हालला," ते म्हणाले, मुनीरने मला सांगितलं. पण तू पुढे होऊन म्हणालास, "चाचा, नकाशा हाय. पाऊस उगडला का पावलं मोजून जितल्या तितं लावू." आणि सगळ्या गावाने तुझ्या शब्दावर आपल्या माणसांच्या उशाशी असलेले दगड उचलले आणि भिंतीला टेकवून ठेवले.

मी त्या दिवशी फोनवर म्हणाले, "दादा, निदान आता तरी नकाशा छापून ठेव."

"लावताना छापतो ना."

दादा, तुझं झेरॉक्सचं दुकान होतं! वडगावला तहसीलला निघालेला माणूस आधी तुझ्या ओट्यावर थांबायचा. रेशनकार्ड असो, आधार असो, सातबारा असो, तू विचारल्याशिवाय तीन प्रती काढायचास आणि वर बजावायचास, "एक घरी ठेव, कचेरीतल्यांचा काय नेम न्हाई." सगळ्या गावाच्या कागदांच्या प्रती काढणाऱ्या माणसाला आपल्या मेलेल्यांच्या यादीची एक प्रत काढावीशी वाटली नाही. वही नदीत गेली, दगड भिंतीला लागले, आणि गावभरचे आईबाप आणि लेकरं एका पासवर्डामागे राहिली.

श्रावणात साईट उघडेना. पांढऱ्या पानावर एकच ओळ, "दुरुस्तीचे काम चालू आहे." पहिल्या शुक्रवारी मी म्हटलं, असेल काही. दुसऱ्या शुक्रवारी फोन केला. तू म्हणालास, "व्हईल गं." तिसऱ्या शुक्रवारी म्हणालास, "रेंज न्हाई हितं, पाऊस लय हाय." चौथ्या शुक्रवारी मी कॅन्टीनच्या बाहेर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "खरं सांग. आहे का गेलं?"

मागे तुझं मशीन चालल्याचा आवाज येत होता. मग म्हणालास, "गिऱ्हाईक आलंय, ठेवतो."

मी मेसेज टाकला, "तुझ्यावर भरवसा ठेवला हीच माझी चूक." तू वाचलास. तेवढा मात्र लगेच वाचलास. उत्तर आलं नाही. आठ दिवसांनी दुकानात, गल्ल्यापाशी, खुर्चीवरून तू खाली कोसळलास.

लोक म्हणतात शुगर होती, बीपी होतं, वेळ आली होती. म्हणू देत. तुझ्यामाझ्यात शेवटचं जे बोलणं झालं ते माझ्या फोनात आहे आणि ते पुसायची माझी हिंमत नाही.

तिसऱ्या दिवशी जमातीची माणसं आली. "शबाना, दगड लावायचेत. साईटचं तुलाच ठाऊक असंल." मी पर्समधून तो कागद काढला. घडीवर फाटला होता, पण अक्षर वाचता आलं. तुझ्या दुकानात तुझ्या खुर्चीत बसले आणि आत शिरले. आत काही नव्हतं. मग तुझे ईमेल वाचले. परदेशातून कुणी साईटमध्ये घुसलं होतं. आपल्या कबरींच्या जागी जुगाराच्या जाहिराती लावल्या होत्या. साईटला जागा देणाऱ्या कंपनीने ते बघून सगळं खातंच रिकामं केलं. त्या खात्यातच तुझा तो कप्पा होता. दर शुक्रवारी न चुकता घेतलेला बॅकअप, दहा वर्षांचा, ज्याच्यापासून वाचायचं त्याच्याच पोटात ठेवलेला. तू त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत पुन्हा पुन्हा लिहिलं होतंस. "प्लीज सर. धिस इज ग्रेव्हयार्ड. प्लीज." त्यांचं उत्तर प्रत्येक वेळी एकच, बॅकअप ठेवण्याची जबाबदारी ग्राहकाची आहे. माझंच वाक्य, सभ्य भाषेत.

मी दुकानाचा कॉम्प्युटर पालथा घातला. स्कॅन केलेली पानं तू कधीच काढून टाकली होतीस, लग्नाच्या पत्रिकांच्या डिझाईनना जागा हवी म्हणून.

मग ड्रॉवरमध्ये वही सापडली. शाळेची, चौकटीची. तू आठवून आठवून नकाशा काढायला घेतला होतास. पानामागून पान. "गेटपासून अकरा पावलं, मग जांभळाकडे चार." खोडलेलं. "बारा?" खोडलेलं. पेन इतकं दाबलेलं की मागच्या पानावर खड्डे. सना तीन ठिकाणी होती. दोन खोडलेल्या, तिसरीपुढे प्रश्नचिन्ह. मी ते पान घेऊन हमीद चाचांकडे गेले. चाचा म्हणाले, "पोरी, पावलं त्याची व्हती. तो ताडमाड. मी चाललो तर भिंतीत जाईन." आणि वर दीड हात मुरूम.

त्या वहीच्या शेवटच्या पानावर तुझ्या कामांची यादी होती. टोनर आणणे. हमीद चाचांना विचारणे. शबूला सांगणे. टोनरपुढे बरोबरची खूण होती. पुढच्या दोन कामांना नव्हती.

एवढं भ्यालास का रे मला? मी ओरडले असते, शिव्याही दिल्या असत्या, महिनाभर बोलले नसते. मग एखाद्या रविवारी आले असते आणि आपण दोघं चाचांना मधे बसवून आठवत बसलो असतो. तू असताना तुझी पावलं तरी होती. ते राहू दे, मी तरी कुठली सरळ? तुला साधं "घाबरू नको" म्हटलं असतं तर तू फोन ठेवला नसतास. मी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, आहे का गेलं. असं विचारल्यावर कुणीही गिऱ्हाईकच पुढे करील.

चाळीस दिवस मी हे पोटात ठेवून होते, जमातीला नुसतं "शोधते आहे" म्हणत. पण लिहायला बसले ते काल मुनीर जे बोलला त्यामुळे.

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघं ओट्यावर चहा घेत होतो. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "एक सांगायचंय. तुझा जीव ठिकाणावर येईपर्यंत थांबलो." तुझ्या दफनाच्या दिवसाचं होतं ते. तुला अब्बांच्या शेजारी ठेवायचं सगळ्यांच्या मनात होतं, पण अब्बा कुठे हे सांगणारं कुणी नव्हतं. सांगणाऱ्यालाच तर खांद्यावर आणलं होतं. चाचांनी अंदाजाने जांभळाच्या बाजूला जागा रिकामी असेल म्हणून खणायला घेतलं. कमरेएवढं खाली गेल्यावर हाडं लागली. लहान. चाचा तिथेच खाली बसले. मग त्यांनी हाताने माती लोटून ते परत झाकलं, दुआ म्हटली आणि दोन हात सरकून नवीन खणलं. तिथे तू आहेस.

"आपली होती का?" मी विचारलं.

मुनीर म्हणाला, "कसं सांगू? त्या बाजूला लेकरं पाच-सहा तरी आहेत." तिचा बाप असूनही त्याला याहून जास्त सांगता आलं नाही.

आज सकाळी मी कबरस्तानात गेले. वहिनीला बरोबर घेतलं. गेटवर चाचा बसले होते. मला वाटलं अडवतील. त्यांनी उठून कडी काढली आणि तोंड फिरवून घेतलं. मी कंपनीतून मोजायची टेप आणली होती, लोखंडी. कुणाच्या पावलांचा भरवसा नको. जांभळापासून भिंतीपर्यंत मोजलं, गेटपर्यंत मोजलं, नवीन वहीत चौकोन आखले. शंभराच्या वर चौकोन. आता एकेका घरी जायचं, म्हाताऱ्यांना विचारायचं, जमेल तेवढं भरायचं. भरलेलं प्रत्येक पान तुझ्याच मशीनवर काढायचं. एक प्रत मशिदीत, एक वहिनीकडे, एक लोणावळ्याला माझ्या कपाटात. साईट पुन्हा होईल तेव्हा होईल.

मग भिंतीपाशी उकिडवी बसले आणि पहिलं नाव लिहिलं. तुझं. ज्याने सगळ्यांची नावं घालवली, त्या एकट्याची जागा सगळ्या गावाला पक्की ठाऊक आहे. मी रडले नाही. वहिनी रडली.

तुझ्या डावीकडे, दोन हातांवर, एक चौकोन होता. मी त्यावर पेन टेकवलं. सना असं लिहावंसं वाटलं, फार वाटलं. पण ती दुसऱ्या कुणाची असली तर? दुसऱ्या आईचं लेकरू मी माझ्या नावावर कसं लावून घेऊ? तुझ्यासारखं अंदाजाने लिहून वर प्रश्नचिन्ह टाकायला माझा हात होईना.

मी लिहिलं, "एक लहान मूल. नाव माहीत नाही." आणि खाली, नोंद करणाऱ्याच्या जागी, माझी सही केली.